पुठ्ठ्याची अभ्यासिका

"या पृथ्वीच्या पाठीवर अशी एकबी वस्तू न्हाई, जी आपल्या मशीनखाली आली अन् कापल्या गेली न्हाई!"

खापरवाडी फाट्यावरच्या आपल्या दुकानात, टेबलावर मूठ आपटून, मच्छिंद्र सुताराने हे जाहीर केलं तेव्हा ऐकायला दोनच माणसं होती. एक त्याची बायको उषाबाई आणि दुसरे जिल्हा परिषदेच्या शाळेतले नागसेन सर. तिसरा हजर होता तो सरांनी जालन्याहून मोटारसायकलवर काखेत धरून आणलेला पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्यांचा गठ्ठा. त्यातला वरचा पंख्याच्या वाऱ्याने उडून एव्हाना दाराशी जाऊन पडला होता.

वीस मिनिटांनी मच्छिंद्र खुर्चीत बसला होता. त्याच्या मिशीला, भुवयांना आणि कानाच्या पाळ्यांना पांढरे कण चिकटले होते आणि तो झटकायला गेला की ते हाताला चिकटत होते. मशीनवर पुठ्ठा होता. म्हणजे पूर्वी पुठ्ठा होता. आता तिथे जे काही होतं ते उंदरांच्या पंगतीनंतर उरावं तसं दिसत होतं.

"सर, माल खराब हाय," मच्छिंद्र म्हणाला.

माल खराब नव्हता. त्याला फोमबोर्ड म्हणतात. वर गुळगुळीत कागद, खाली गुळगुळीत कागद आणि मधे पावासारखा हलका फोम, सगळं मिळून जाडी पाच मिलिमीटर. मच्छिंद्रच्या मशीनने आजवर सागवान कापलं होतं, शिसव कापलं होतं, दारांवर मोर आणि देवघरांवर घंटा कोरल्या होत्या. एकदा तर तिने लाकूड आवळून धरणारा स्वतःचाच लोखंडी शिकंजा कापला होता. ही मशीन म्हणजे एक मोठा पलंग, त्यावर इकडून तिकडे फिरणारी मोटर आणि मोटरीच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. कॉम्प्युटरमध्ये चित्र टाकायचं, की पातं त्या रेषेवरून चालायला लागतं. घरात कामाची वाटणी चोख होती. मशीनबद्दल बोलायचं काम मच्छिंद्रचं आणि मशीन चालवायचं काम उषाबाईचं. दुकानाच्या पाटीवर नाव त्याचं होतं, कॉम्प्युटरचा पासवर्ड तिला ठाऊक होता.

"सर," उषाबाई पुठ्ठ्याच्या चिंध्या उचलत म्हणाली, "हातानं ब्लेड मारून न्हाई का व्हणार?"

"दोन पुठ्ठे वाया घालवून आलोय, ताई. अभ्यासिकेच्या नमुन्याला खिडक्या किती हायत माहिताय? चव्वेचाळीस. नखाएवढ्या. माझी पहिली खिडकी चौकोनी आली, दुसरी बशीसारखी आली, तिसरी... तिसरी मुलांनी ओळखलीच न्हाई. अन् चार दिवसांवरच्या सभेत तसलं काही नेलं, तर अप्पाराव ते हातात धरून गावभर फिरवतील."

हे मात्र खरं होतं.

फाट्यावर एसटीच्या निवाऱ्याला लागून गावाची मोकळी जागा होती आणि तिथे एकच काहीतरी बांधता येणार होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत अप्पारावांनी तिथे स्वागत कमानीचा बेत मांडला. अप्पाराव हे सरपंच बेबीनंदाबाईंचे पती. गावाला सरपंच बाई असल्यामुळे बोलायचं ते अप्पाराव बोलत आणि सही करायची ती बेबीनंदाबाई करत. कमानीचं चित्र त्यांनी पंधरा फुटी फ्लेक्सवर छापून आणलं होतं. दोन्ही बाजूंना हत्ती, वर सूर्य, मधे अप्पारावांच्या कैलासवासी वडिलांचं नाव. कमानीतून आत गेल्यावर काय, असं कोणी विचारलं नाही, कारण आत गेल्यावर काय ते सगळ्यांना माहीत होतं. आत खापरवाडी होती.

मग नागसेन सर उठले. त्या जागेवर पोरापोरींसाठी अभ्यासिका व्हावी, असं ते चाळीस मिनिटं बोलले. शेवटी त्यांनी निळ्या रेघांचा नकाशा दाखवला. अप्पारावांनी तो शांतपणे हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "सर, आमची कमान दिसून राह्यली. तुमची अभ्यासिका कुठाय? एक मेच्या सभेला दाखवा. दिसली तर ठीक, न्हाई दिसली तर कमान."

सभेने टाळ्या वाजवल्या. दिसणाऱ्या गोष्टीवर गावाचा पहिल्यापासून विश्वास.

उषाबाईने त्या दिवशी टाळी वाजवली नव्हती. तिची लेक अक्षता तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. रोज काळ्यापिवळ्या जीपमध्ये चौदा माणसांत पंधरावी होऊन ती भोकरदनच्या अभ्यासिकेत जायची. तिच्याबरोबरच्या तिघींचं जाणं घरच्यांनी एकेक करून बंद केलं होतं. अक्षता एकटी उरली तेव्हा मच्छिंद्रनेही जाहीर केलं, "हे शेवटचे दोन महिने. एकटी पोरगी जीपनं जाती, बराबर न्हाई दिसत. जूनपासून बंद. मंग स्थळं बघू." आणि मच्छिंद्रची बाकीची जाहीर विधानं हवेत विरत असली तरी हे विरणार नाही, एवढं उषाबाईला बावीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

"सर, पुठ्ठे किती उरले?" तिने विचारलं.

"आठ. सहा लागतील."

"मंग ठिवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लाकडाचं जाड पातं काढून सुईसारखं बारीक, एकाच धारेचं पातं लावलं. कालच्या वाया गेलेल्या पुठ्ठ्याच्या कोऱ्या कडेवर ते चालवून पाहिलं, तर वरचा कागद बरा कापला गेला, पण खालच्याची फरफर लोकर झाली. गरगर फिरणारी कुठलीही गोष्ट कागदाला ओरबाडणारच, हे तिच्या लक्षात आलं. लग्नाआधी ती हसनाबादला मावशीकडे ब्लाऊज शिवायला शिकली होती. मावशी कापड कापताना एकच सांगायची, कात्री चावायला नको, सरकायला पाहिजे.

तिने सरांना फोन लावला. सर म्हणाले, "बरोबर, ताई! शहरात त्यासाठी सुरी मिळते. मोटर बंद ठेवायची आणि सुरी नुसती ओढत न्यायची. पण मागवली तर आठ दिवस."

सभेला तीन दिवस होते.

मच्छिंद्रने हे ऐकलं आणि दुपारी न जेवता तो मागच्या पत्र्याच्या खोलीत गेला. बोलण्यात त्याचा जन्म गेला असला, तरी हातात पटाशी आली की हा माणूस गप्प होत असे आणि गप्प झाला की तो फार चांगला सुतार होता. त्याने लोखंडी सळईचा बोटभर तुकडा घेतला, त्यात दोन चिमुकले बेअरिंग बसवले आणि खाली कटरच्या ब्लेडचा त्रिकोणी तुकडा असा अडकवला, की टोक मधोमध न येता जरासं मागे राहील. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक जसं ढकलाल तिकडे आपोआप वळतं, तसं ते ब्लेड रेषेमागे आपोआप वळत होतं. संध्याकाळी तो बाहेर आला, ते उषाबाईच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "घे."

उषाबाईला ते इतकं आवडलं की ती काही बोललीच नाही. हे तिचं चुकलं. कारण तिला बोलायचं होतं ते असं, की मोटरीचं बटण दाबू नका. सकाळी मच्छिंद्रने सवयीने बटण दाबलं. सुरी दीड सेकंद फिरली, ब्लेड निघालं आणि हसनाबादच्या गिऱ्हाइकाच्या तयार देवघराच्या कळसात जाऊन रुतलं.

"मशीन तेज हाय," मच्छिंद्र कळसाकडे बघत म्हणाला.

"अहो, तुम्ही तेज हायसा. सरका तिकडं."

तिने मोटरीची वायरच काढली आणि ती पदरात खोचून ठेवली. पुठ्ठा चिकटपट्टीने चारी बाजूंनी पलंगाला घट्ट चिकटवला. पहिल्या फेरीत वरचा कागद आणि निम्मा फोम कापायचा, दुसऱ्या फेरीत आरपार, असं ठरवलं. नवं ब्लेड बसवून तिने कॉम्प्युटरची कळ दाबली आणि दोघं श्वास रोखून उभी राहिली.

मशीनने आवाजच केला नाही. एरवी तिच्या आवाजाने फाट्यावरचा चहावाला गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलायचा. आज नुसता रेशमावर नख ओढल्यासारखा सर्र सर्र आवाज. पुठ्ठा उचलून धरून डाव्या कोपऱ्यातली पहिली खिडकी उषाबाईने बोटाने ढकलली आणि ती टप्प करून खाली पडली. कडा अशी, जणू कोणी पनीर कापलं. दुसरी पडली, तिसरी पडली. सातवी पडेना. आठवी अर्धी लोंबली. नववीपासून पुढे सगळ्या खिडक्या वरून कापलेल्या आणि खालून शाबूत.

तिने सुरी जराशी खाली घेतली. आता उजवीकडे कापलं गेलं, पण डाव्या कोपऱ्यात सुरी पलंगात रुतून मोडली. पुन्हा वर घेतली. पुन्हा डावीकडे सुंदर आणि उजवीकडे शाबूत. एक पुठ्ठा गेला, दुसरा गेला. आता सहाच उरले होते आणि सहाच लागणार होते.

मच्छिंद्रने चष्मा लावून पाहणी केली. बराच वेळ मान हलवली. मग एकदम त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"उषे! कळलं! कापून कुठं राह्यलं? डाव्या कोपऱ्यात. अन् आपण नारळ कुठं फोडतो?"

उषाबाईने कोपऱ्याकडे पाहिलं.

मशीन आली त्या दिवसापासून या दुकानाचा एक नेम होता. कुठलंही नवं काम धरलं की आधी पलंगाच्या डाव्या कोपऱ्यावर हळदकुंकू वाहायचं आणि तिथेच नारळ फोडायचा. दार असो, देवघर असो, पोळपाट असो, नारळ ठरलेला. अशी तीन वर्षं.

"जिथं नारळ फुटला, तिथंच मशीन बराबर चालून राह्यली!" मच्छिंद्रचा आवाज आता सभेला पुरेल एवढा झाला होता. "देवाचा हात हाय त्या कोपऱ्यावर! जल्दी कर, पिशवी दे. मी केदारखेड्याहून नारळ आणतो. सगळ्या पलंगावर फोडू. वीतभर अंतरानं एकेक. बिलकुल कोरी जागा न्हाई ठिवायची!"

हा उपाय त्याने इतक्या मनापासून सांगितला की उषाबाईला क्षणभर तो पटलाही. कारण नवऱ्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. चुकत होता तो फक्त निष्कर्ष. आणि असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही.

तिने भिंतीवरची लांब लोखंडी पट्टी काढली आणि पलंगावर आडवी ठेवली. मग वाकून पलीकडच्या खिडकीच्या उजेडात पट्टीखालून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात पट्टी टेकलेली होती. बाकी सगळीकडे पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

"इकडं या. वाका. काय दिसतं?"

मच्छिंद्र वाकला. "उजेड."

"अन् कोपऱ्यात?"

"न्हाई."

"पलंगावरचं फळकुट लाकडाच्या भुश्श्याचं हाय. तीन वर्षं तुम्ही त्याला नारळाचं पाणी पाजून राह्यले. ते फुगलं. कोपरा अर्धा मिलिमीटर वर आलाय, अन् आपण सुरीची उंची त्याच कोपऱ्यावर मोजतो. मंग तिथं सुरी पोचती, बाकी ठिकाणी अधांतरी ऱ्हाती."

"पण दारं तर बराबर येत व्हती."

"दार बोटाबोटाएवढं जाड. त्याला अर्ध्या मिलिमीटरचं काय पडलंय? ह्या पुठ्ठ्याचा खालचा कागदच तेवढा न्हाई."

मच्छिंद्र सरळ उभा राहिला. तीन वर्षांच्या श्रद्धेचा उंचवटा त्याने बोटाने चाचपून पाहिला. "मंग आता?"

"आता रंधा मारायचा. पुरा पलंग एकसारखा."

"म्हंजी देवाचा कोपरा छिलून टाकायचा?"

"कोपरा न्हाई, सूज काढायची. देवाला सुजलेलं आवडतं का?"

मच्छिंद्रने कोपऱ्याला हात जोडले आणि उषाबाईच्या पदरातली वायर मागून घेऊन मोटरीला स्वतःच जोडली. उषाबाईने रुंद, चपट पातं लावलं. मशीन आपल्या नेहमीच्या आवाजात गर्जली आणि पलंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, नांगरटीसारखी, अंगुळ-अंगुळ सरकत गेली. तपकिरी भुस्सा उडाला. कोपऱ्यात पोचल्यावर दुकानभर खोबऱ्याचा खवट वास सुटला. चहावाला येऊन विचारून गेला, आज काही गोडधोड आहे का.

पट्टी पुन्हा ठेवली. कुठेही उजेड नाही.

मग वायर काढली, सुरी बसवली, पुठ्ठा चिकटवला. नव्या कामाचा नारळ उषाबाईने मच्छिंद्रच्या हातात दिला आणि उंबऱ्याबाहेरचा दगड दाखवला. त्याने तो तिथे फोडला. सर्र सर्र आवाज सुरू झाला.

चव्वेचाळीस खिडक्या पडल्या. एक अडली नाही, एक फाटली नाही. भिंती निघाल्या, जिना निघाला, जिन्याचा आगकाडीएवढ्या गजांचा कठडा निघाला. सहाव्या पुठ्ठ्यातून छत निघालं, तेव्हा उषाबाईने खाली पडलेल्या खिडक्यांची रास ओंजळीत घेतली आणि जशी लग्नात अक्षता टाकतात तशी नवऱ्याच्या डोक्यावर टाकली. मच्छिंद्र हसला. एकही तुकडा मिशीला चिकटला नाही, इतकी सफाई.

एक मेला शाळेच्या मोठ्या वर्गात सभा भरली. समोर अप्पारावांचा फ्लेक्स टांगला होता. तीन महिन्यांत उंदरांनी एका हत्तीची सोंड नेली होती. उषाबाई डिंकाने जोडून उभी केलेली अभ्यासिका पाटावर ठेवून, वर ओढणी झाकून, दोन्ही हातांनी धरून आली. सरांनी टेबल मोकळं केलं. ओढणी काढली.

मागच्या रांगेतली माणसं बाकांवर चढून उभी राहिली.

पांढरी, दुमजली इमारत. कडा अशा की बोट कापेल. दुर्गाबाई म्हातारी काठी टेकत सगळ्यात आधी आली, तिने डोळा खिडकीला लावला आणि ओरडली, "अगं बया, आत टेबलं हायत!"

मग सभा राहिली बाजूला. बायका जिन्यावरून बोटं चालवू लागल्या. कोणी पोरींच्या खोलीचा वेगळा दरवाजा उघडून पाहिला, कोणी विचारलं हा संडास का, अन् संडास आहे असं कळल्यावर ती बातमी मागच्या रांगेपर्यंत कौतुकाने गेली. अप्पारावांनी चष्मा लावला. त्यांनी प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवला. एखादी तरी चिंधी, एखादी तरी लोकर सापडेल म्हणून त्यांनी इमारतीला दोन प्रदक्षिणा घातल्या. गाव त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतं. अंगठा कुठेच अडला नाही.

"हे हातानं केलं का?" त्यांनी विचारलं.

"मशीननं," मच्छिंद्र म्हणाला. आणि मग, इतिहासात पहिल्यांदाच, त्याने पुढे जोडलं, "अन् मशीन हिनं चालवली."

अप्पारावांनी घसा साफ केला. "तर मंडळी, सरपंचबाईंचं म्हणणं असं आहे की, पुठ्ठा काय, कसाबी कापता येतो, पण कमान..."

"थांबा," बेबीनंदाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज गावाने फारसा ऐकला नव्हता. तो चांगला खणखणीत निघाला.

"माझं म्हणणं मी सांगते. माझी पुतणी भोकरदनला जायची, मीच बंद केली. जीपमधी कशी पाठवू? कमानीतून गाडी आत येती. हिच्यातून पोरगी बाहेर पडंल, नोकरीला. अभ्यासिका पाहिजे त्यांनी हात वर करा."

पहिला हात दुर्गाबाईचा गेला, काठीसकट. मग बायकांच्या बाजूने एकदम वर गेले. पुरुषांच्या बाजूने आधी इकडेतिकडे बघितलं गेलं, मग तेही गेले. सरांनी मोजायला सुरुवात केली आणि डोळे भरून आल्यामुळे दोनदा चुकले.

"अन् बांधून होईस्तोवर," बेबीनंदाबाई म्हणाल्या, "पंचायतीची वरची खोली उघडा. तिथं नुसत्या तुटक्या खुर्च्या अन् मागच्या निवडणुकीचे झेंडे हायत. उद्या साफ करा. परवापासून पोरी बसतील."

आणि त्यांनी ठरावावर सही केली. सही नेहमीचीच होती. पण तिच्या वरचे शब्द पहिल्यांदाच त्यांचे स्वतःचे होते.

टाळ्या वाजल्या. मच्छिंद्र उठला, छाती पुढे काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्षता, जूनपासून जीप बंद!" सगळे दचकले. "पंचायतीत चालत जायचं. अन् स्थळंबिळं काय असंल ते तलाठी झाल्यावर बघू!" अक्षता मागच्या बाकावरून हसली आणि पुस्तकात तोंड लपवलं. उषाबाईच्या डोळ्यांपुढे वर्ग धूसर झाला. ढोल असता तर तो वाजला असता. ढोल नव्हता म्हणून पोरांनी बाक वाजवले.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली. अप्पाराव सरळ उषाबाईपुढे येऊन उभे राहिले. चेहरा गंभीर. टाळ्या थांबल्या. हा माणूस आता काय बोलतो, माफी मागतो की कोर्टाची भाषा करतो, म्हणून सगळा वर्ग कान टवकारून उभा राहिला. अप्पारावांनी पुन्हा एकदा अभ्यासिकेच्या भिंतीवरून अंगठा फिरवला, उषाबाईकडे पाहिलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाले,

"वहिनी, ह्या पुठ्ठ्याचा एखादा तुकडा उरला असंल तर बघा ना. आमच्या कूलरच्या मागं खिडकीला फट ऱ्हायलीय. दुपारची लई झळ येती."